झिंबीचे खडे

फार मागची गोष्ट, नद्यांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची. एका डोहाकाठी झिंबी नावाची पाणमांजरी राहायची. तिला खड्यांचं भारी वेड. रोज बुडी मारून तळातला सगळ्यात सुंदर खडा निवडायची आणि तसाच ओला बिळातल्या अंधारात नेऊन ठेवायची.

एकदा तिने सगळे खडे उन्हात मांडले, तर एकूण एक खडा राखेसारखा करडा. झिंबीला वाटलं, कुणीतरी खडे बदलले. डोहात दुसरं राहतं कोण? म्हातारं कासव.

"आजोबा, तुम्हीच माझे खडे बदललेत," ती कडाडली. "डोह सोडून चालते व्हा."

कासवाचा अख्खा जन्म त्या डोहात गेला होता. "जातो बाई," एवढंच म्हणून ते पाण्याबाहेर आलं आणि मांडलेल्या खड्यांमधून वाट काढत निघालं. त्याच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. थेंब पडेल तो खडा जागा होत होता. एक डाळिंबासारखा लाल, एक शेवाळासारखा हिरवा, एक मधासारखा पिवळा. कासवामागे रंगांची वाट उमटत गेली आणि उन्हाने विझतही गेली.

झिंबी धावत जाऊन कासवाची वाट अडवून उभी राहिली. "चुकले मी, आजोबा. माघारी चला."

दोघांनी मिळून सगळे खडे डोहात सोडले.

पुढे कधी बगळा यायचा, म्हणायचा, "झिंबी, तुझे खडे दाखव की."

"वाकून बघ," झिंबी म्हणायची. "फक्त त्यातले माझे कुठले, ते विचारू नकोस. आता मलाही सांगता येत नाही."