ठकूआईचा दोर

फार वर्षं झाली, तेव्हा शिरसवळणात दोन पक्ष होते आणि रोज एक भांडण होतं. खालच्या आळीच्या पक्षात ठकू दोरवाली होती. होती म्हणजे काय, तिचे दोर होते. लहानपणी तापात पाय गेलेले, त्यामुळे ती हातांवर सरकत चालायची. पक्षाच्या मांडवाला दोर ठकूचा, पण बैठक भरायची मारुतीच्या पारावर, सात पायऱ्या चढून. तिथली रीत अशी, की ज्याला गोष्ट मान्य त्यानं उभं राहायचं आणि म्होरक्या हैबतनानानं उभी डोकी मोजायची. ठकू खाली धुळीत बसून ऐकायची.

एका वर्षी तळ्याचा बांध झिरपू लागला. तळहाताला ओल लागली ती आधी ठकूच्याच. पण नानाला पक्षाच्या त्याच पैशात वेशीवर कमान हवी होती. बैठकीत नऊ जण बांधासाठी उभे राहिले, नऊ कमानीसाठी.

"माझं मत बांधाला हाय, नाना!" ठकू खालून ओरडली.

"उभी ऱ्हा, ठकूबाय, मग मोजतो," नाना म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले.

ठकूला फार लागलं. ती घरी जाऊन पोटभर रडली आणि मग घायपाताचा वाख ओढून दोर वळायला बसली. असं म्हणतात, तीन दिवसांत तिनं गावाला वेढा पडेल एवढा दोर वळला. असंही म्हणतात, की तो दोर आपणहून घरोघर सरपटत गेला, ज्यांना पक्षानं कधी बोलावलंच नव्हतं त्यांच्या खाटांपर्यंत. ठकूचा निरोप एवढाच होता, बांध हवा त्यानं गाठ मारा. आंधळ्या भागूनं मारली, मुक्या सटवाजीनं मारली.

चौथ्या दिवशी तिनं दोराचं टोक पारावर फेकलं. "आता मोजा, नाना."

नाना गाठी मोजू लागला. एका गाठीपाशी त्याचा हात थांबला. तिच्यावर दातांचे वण होते. दातांनी गाठ मारणारा गावात एकच, उसाच्या चरकात हात गेलेला केरबा, नानाचा सख्खा धाकटा भाऊ. एका घरात जेवत असून नानानं त्याला कधी मत विचारलं नव्हतं. नाना सातही पायऱ्या उतरला, ठकूशेजारी धुळीत बसला आणि शेवटची गाठ त्यानं मारली.

बांध दुरुस्त झाला. त्या साली पाणी काठाला टेकलं, तेव्हा ठकूचा दोर बांधाभोवती कंबर कसून उभा होता, असं म्हणतात. खरंखोटं ठकूआईच जाणे.

आजही शिरसवळणात बैठक कुठल्याही पक्षाची असो, ती पाराखाली भुईवर बसूनच होते. दोर खाटेखाटेपर्यंत फिरतो आणि पहिली गाठ दातांनी मारली जाते. पारावर उभा असतो तो एकटा मारुती.