यादीला आठवेना

फार वर्षांपूर्वी, गुरांच्या दवाखान्याच्या एका वेबपानात, एका फंक्शनच्या, म्हणजे ठरलेलं एक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, घरी डबा आणि यादी राहत. बाहेरून आलेला आकडा डब्यात पडे आणि यादीतही उमटे. डब्यातला बदलला की यादीतलाही आपोआप बदले.

एकदा आजारी वासराचं वजन आलं, तीस किलो. डब्यानं त्याचे तीस हजार ग्रॅम केले. किलोवरून औषध किती द्यायचं ते ठरवणारं माप घाबरलं. "तीस हजार किलो? अगं यादी, मुळात आलं होतं किती?"

"तीस हजार," यादी म्हणाली. तिला दुसरं काही आठवेचना.

प्रोग्रॅमर उल्काताईंनी औषध थांबवलं आणि फंक्शनच्या माथ्यावर डबा-यादीची सांगड तोडणारी कडक शिस्तीची ओळ लिहिली. आता डब्यातला आकडा बदलला, तरी यादीत तीसच राहिले.

डबा रडवेला झाला. "साथ सोडलीस ना माझी?"

"नाही रे. तू चुकलास, तर मूळ आकडा सांगायला आता मी आहे."