चित्रकथ्याला लागलेला बाण

पूर्वी शाल्मली नगरात राजा जयघोष गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या सैन्यात धनुर्धर होऊन जन्माला आले होते. नाव नीलक. आता बोधिसत्त्व म्हटलं की तुम्ही लगेच हात जोडून, मान तिरकी करून बसणार. पण जरा दमानं घ्या. त्या जन्मी त्यांचा नेम उत्तम होता आणि डोकं बेताचं. दोन्ही एकदम मिळायला ते काही अजून बुद्ध झाले नव्हते.

राजाचं शेजारच्या वेत्रग्रामाशी युद्ध जुंपलं होतं. कशावरून, ते राजाला ठाऊक आहे असं प्रधान सांगत, आणि प्रधानाला ठाऊक आहे असं राजा. त्या मुलखात एक रीत होती. लढाई थांबली की ज्याचा बाण त्यानंच तो मेलेल्याच्या देहातून उपटायचा, आणि मेलेला कोण होता ते सर्वांदेखत मोठ्यानं सांगायचं. ‘स्वार मारला’, ‘माहूत मारला’, असं. त्याशिवाय प्रेताला अग्नी देत नसत. मारलेला जितका मोठा तितकं बक्षीस मोठं. त्यामुळे पुष्कळ साधी माणसं मेल्यावर एकदम हुद्द्यावर चढत.

आणखी एक रिवाज होता. चित्रकथी कुणाच्याच बाजूचे नसत. कडेला बसून लढाई पाहायची, पटावर रंगवायची आणि गावोगाव तो पट उलगडून लोकांना खरं काय झालं ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्यावर शस्त्र उगारायचं नाही, असं दोन्ही राजांचं ठरलेलं होतं.

एका सकाळी नदीवर दाट धुकं होतं. नीलक बांधावर उभा होता, शेजारी भुंडक नावाचा धनुर्धर, मागे सेनापती दुर्धर. पलीकडच्या काठावर, आदल्या दिवशी दुर्धराच्याच माणसांनी जाळलेल्या झोपड्यांपाशी दोन आकृत्या दिसल्या. एक बाई हात लांब करून काहीतरी दाखवत होती. एक माणूस खाली बसला होता, त्याच्या पाठीला लांबट नळी.

“भाता!” दुर्धर म्हणाला. “सोडा बाण.”

“भाता दिसतोय खरा,” नीलक म्हणाला, “पण धनुष्य कुठंय?”

“तुझ्या आजोळी राहिलंय, जा घेऊन ये! अरे, त्याचा बाण छातीत घुसल्यावर विचारणार आहेस का?”

भुंडक फिस्सकन हसला. नीलकानं बाण सोडला. पाठोपाठ भुंडकानं बाईवर सोडला.

धुकं विरल्यावर ते पलीकडं गेले, तर नळीतून कुंचले निघाले आणि अर्धवट रंगवलेला पट. तो मंजुल नावाचा चित्रकथी होता. बाई वेत कापून पोट भरणारी. आपली झोपडी कुठं होती ते त्याला दाखवत होती.

नीलकाचं डोकं गरगरायला लागलं. तो सेनापतीकडे गेला.

“उद्या ‘धनुर्धर मारला’ असं सांगायचं,” दुर्धर म्हणाला. “एक गाव इनाम मिळेल.”

“पण तो चित्रकथी होता.”

“तुला काय दिसलं होतं?”

“भाता.”

“मग खोटं कुठं बोलायचंय?”

हेही नीलकाला पटलं. पटलं म्हणूनच तो जास्त गोंधळला. दुर्धर मंजुलला चांगला ओळखत होता, छावणीत जेवायलाही बसवत असे. मग धुक्यात त्यानं मंजुलला ओळखलं नाही, की ओळखलं, आणि जळलेल्या झोपड्या पटावर येऊ नयेत म्हणूनच ‘भाता’ म्हणाला? नीलक पुरोहिताकडे गेला.

“ज्याचं मरण जिथं लिहिलेलं असतं, तिथं तो मरतो,” पुरोहित म्हणाले.

“मी तिथं नसतो तर?”

“दुसरा असता.”

“मग इनाम मला कशाचं?”

पुरोहितांना स्नानाची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. राजा आला. मंजुलची बायको भद्रिका नवऱ्याच्या उशाशी उभी होती.

“बाण कुणाचा रे?” तिनं विचारलं.

“माझा, बाई.”

“धडधाकट दिसतोस. डोळेही जागेवर आहेत. उपट, आणि सांग. तू एकदा ‘धनुर्धर’ म्हणालास की उद्यापासून पाठीला नळी दिसेल त्याला मारतील हे. माझे दोन दीर हाच धंदा करतात.”

नीलकानं बाण उपटला. दुर्धर मागं खाकरला. “धनुर्धर... धनुर्धर...” भुंडक कुजबुजला. त्यालाही आपलं बक्षीस दिसत होतं.

“मी चित्रकथी मारला,” नीलक म्हणाला. “मला भाता वाटला, हे खरं. धनुष्य दिसत नव्हतं, हेही खरं. हाक मारता आली असती. नदी काही एवढी रुंद नाही. पण हे सगळे हसतील म्हणून मारली नाही.”

राजानं कपाळ चोळलं. “म्हणजे दोष तुझा, की हुकूम देणाऱ्याचा, की धुक्याचा?”

“महाराज, मला उलगडत नाही. कालपासून डोकं दुखतंय. पण बाण माझा आहे.”

भद्रिकेनं त्याला क्षमा केली नाही. “आता अग्नी देता येईल,” एवढंच ती म्हणाली.

मग भुंडकाची पाळी आली. त्यानं बाईच्या देहातून बाण उपटला. “मी... बाई मारली. वेत कापणारी.” रांगेत त्याच्या मागचा म्हणाला, “मी गुराखी मारला.” दुर्धर ओरडत होता, “स्वार! स्वार म्हण, गाढवा!” आणि राजाला तिथून उठता येईना.

नीलकाचं इनाम गेलं, नोकरीही गेली. युद्ध थांबलं नाही. मात्र धुकं पडलं की बांधावरचे धनुर्धर आधी हाक मारू लागले, “कोण आहे रे तिकडं?” एकदोघांना उत्तर म्हणून बाणच आला, तरी त्यांनी ती खोड सोडली नाही.

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्मीच्या माणसांची ओळख पटवली. सेनापती दुर्धर तो आजचा देवदत्त. दुसरं कोण असणार म्हणा! राजा जयघोष म्हणजे शिष्य आनंद, भद्रिका म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, “आणि तो गोंधळलेला नीलक मी स्वतः,” असं ते म्हणाले. आपल्या हातून झालेलं आपल्या तोंडानं सांगणं, ही त्या जन्मातली सत्यपारमिता, म्हणजे सत्याची साधना.

“आणि भन्ते, मागं रांगेत बाण धरून उभे होते ते बाकीचे?” एका भिक्षूनं विचारलं.

 शास्त्यांनी सावकाश सगळ्या सभेवरून नजर फिरवली.