सावलीच्या गवताला ऊन

"ऊनच मिळालं नाही, तर गवत वाढणार कसं महाराज? तुम्हीच सांगा!"

ऋतुराज बोंद्रे मठाच्या अंगणात उभा होता. हातात करवत. पुण्यात बंगल्यांच्या बागा आखून देणारा, त्यातली पदवी घेतलेला हा गृहस्थ चार महिन्यांपूर्वी नम्रनाथ महाराजांकडे शिकायला आला होता. निदान तसं म्हणाला तरी होता.

आठ दिवसांनी परगावाहून आलेले महाराज दारातच थांबले.

जांभळीची दक्षिणेकडची मोठी फांदी जमिनीवर आडवी पडली होती.

तिच्या सावलीत रानगवताचा एक तुकडा होता, घोंगडीएवढा. रुंद, मऊ पाती, वर नाजूक तुरे. पलीकडच्या डोंगरावर दाट झाडीखाली हे गवत वाढायचं. तो डोंगर खाणवाल्यांनी सुरुंग लावून फोडला. कागदोपत्री सगळं रीतसर. झाडी गेली, गवत गेलं. उरलं ते एवढंच.

"पंधरा दिवसांत बी पिकेल. तोवर जप," असं सांगून महाराज गेले होते.

"जपलंच की!" ऋतुराज म्हणाला. "अंधारात कुढत होतं बिचारं. काल फांदी काढली. आता बघा, कसं ऊन खेळतंय."

महाराजांनी बघितलं. पाती कडेनं करपून वळली होती. तुऱ्यांनी माना टाकल्या होत्या.

"डोंगरावर याला ऊन कोण देत होतं?"

"म्हणून तर तिथे ते कुणाच्या नजरेत भरलं नाही!" ऋतुराज हसला.

महाराजांनी खांद्यावरची घोंगडी काढली. गवताच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ती डोक्यावर ताणून धरली.

अर्ध्या गवतावर सावली पडली.

ऋतुराजचं हसू तोंडातच राहिलं.

भर दुपार. ऑक्टोबरचं ऊन. महाराजांचं वय अठ्ठ्याहत्तर. थोड्याच वेळात त्यांचे दंड थरथरू लागले.

"महाराज, हे काय चालवलंय? खाली बसा! चक्कर येईल!"

महाराजांनी घोंगडी आणखी ताणून धरली.

"अहो, हिरवी जाळी मागवतो पुण्याहून. उद्या सकाळी येईल!"

"ऊन आज आहे."

ऋतुराजच्या हातातली करवत गळून पडली. तो धावला. घोंगडीचं दुसरं टोक पकडून पलीकडे सरकला. आता सावली सगळ्या गवतावर आली.

दोघंही तसेच उभे. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. ऋतुराजचे खांदे भरून आले.

"महाराज... किती वेळ धरायचं?"

महाराजांनी आडव्या पडलेल्या फांदीकडे पाहिलं.

"किती वर्षांची होती?"