बुरुजाने बुजवलेला चर

चूक बुरुजाची होती. भूकंपाची नव्हती, आणि त्या पोरसवदा शाळेची तर मुळीच नव्हती.

वस्तू बोलत असत आणि म्हाताऱ्यांचं मुकाट ऐकावं लागे, त्या काळची ही गोष्ट. एका पडक्या गढीच्या बुरुजाशेजारी नवी शाळा उभी राहिली. तिच्या पायाखाली रबराच्या जाड गाद्या होत्या आणि चहूबाजूंनी मोकळा चर. एकट्या बुरुजाला जणू नातच मिळाली. दिवसभर दोघांच्या गप्पा चालत. पण तो चर त्याच्या डोळ्यांत खुपे.

"बये, एवढं अंतर बरं दिसत नाही. लोक म्हणतील, यांचं पटत नाही."

"आजोबा, जमीन हलली की मला या गाद्यांवर झुलायला जागा लागेल, तरच मी टिकेन."

"झुलायला? आमच्या घराण्यात कुणी जागचं हललं नाही. तू काय पाळणा आहेस?"

"पाळणाच समजा. पण चर राहू द्या."

त्याने ऐकलं नाही. वडीलधाऱ्यांना ऐकायची सवयच नसते. रोज तो अंगावरचे दगड चरात ढकलत राहिला. चर भरला तेव्हा म्हणाला, "आता कसं एका घरातले वाटतो!"

मग एका सुट्टीच्या दिवशी भूकंप झाला. शाळा गाद्यांवर सरकली आणि त्या दगडांवर आदळली. दणका थेट वरच्या मजल्यापर्यंत गेला, खांब फुटले.

"आजोबा, थोडं सरका ना!"

बुरुजाने आयुष्यात पहिल्यांदा सरकून पाहिलं. त्याला जमलं नाही.

शाळा पाडावी लागली. बुरूज अजून उभा आहे. त्याच्याशी बोलणारं आता कुणी नाही.