शिंजिरांचं तेल

दुर्बिणी जरा खाली ठेवा पाहुणे, आणि ताई, तुम्ही तोंडावरचा हात काढा. दिवा विझलेला नाही. घरच्या बाईनं स्वतःच्या हातानं शांत केलाय. आज कुसवाडीत ज्या ज्या घरी घट बसलेत, तिथं असाच थंड दिवा दिसेल. नवरात्र अजून उठायचंय, घटातलं धान नुकतं बोटभर वर आलंय, आणि अखंड दिवा मात्र बंद. खालच्या गावची माणसं आम्हाला यावरून नावं ठेवतात. ठेवू देत. त्यांना काय, नावं ठेवायला तेल थोडंच लागतं!

मी धोंडबा गुरव. वाघजाईची पूजा आमच्या घराकडे आहे, म्हणून हे सांगायचं कामही माझ्याकडेच. तुम्ही ज्यांच्यासाठी एवढा घाट चढून आलात ती शिंजीर पाखरं आज निघणार. बघा, त्या कर्दळीवर कशी झुंबड उडालीय. अंगठ्याएवढा जीव, पण वाटेला लागायच्या दिवशी पोट फुटेस्तोवर मध पितो. पावसाबरोबर येतात, परड्यात चार महिने राहतात, आणि दसऱ्याच्या आसपास थंडीची पहिली चाहूल लागली की जातात. कुठं जातात ते तुमच्या पुस्तकात असेल. आम्ही फक्त त्यांना जाताना बघतो. ते का बघतो, ते ऐका.

असं सांगतात की फार पूर्वी या गावच्या शेवटच्या घरात आवडा नावाची बाई राहायची. नवरा फौजेबरोबर गेला तो गेलाच. मूलबाळ नाही. घर, घरामागचं परडं आणि परड्यातली कर्दळ, जास्वंद, केळी, एवढाच तिचा संसार. शिंजीर तिच्या मनगटावर येऊन बसायचे म्हणे. ती त्यांच्याशी बोलायची, आणि बायका पदराआड हसायच्या. "माझ्या परड्यात तुमच्या पिसाला धक्का लागायचा नाही," असा शब्द तिनं पाखरांना दिला होता. पाखरांना कसला शब्द द्यायचा, असं तुम्ही म्हणाल. पण शब्द तो शब्दच. ज्याला दिला त्याला तो कळला नाही म्हणून मोडायचा असतो होय?

माहेरी तिला एकच भाऊ होता, सटवाजी. लग्नानंतर त्यानं कधी उंबरा ओलांडला नव्हता. भाऊबीजेला आवडा चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. भाऊ जिवंत असून. हे मला सांगताना अजून राग येतो, पण पुढचं ऐकलंत तर हा राग काहीच नाही.

एका वर्षी घट बसल्यावर सटवाजी अचानक दारात उभा राहिला. आवडाला आभाळ ठेंगणं झालं. तिनं त्याचे पाय धुतले, घरात होतं नव्हतं ते रांधून वाढलं. "या दिवाळीला तुला घेऊन जातो," असं तो म्हणाला. घरात तेल फार थोडं होतं, तेवढं देवीच्या दिव्यासाठी राखलेलं. भाजीला फोडणीसुद्धा दिली नाही म्हणून तिनं भावाची माफी मागितली.

तो का आला होता, ते तिला कुठलं ठाऊक? गावच्या पाटलाला आपल्या सरदारापुढं मिरवायचं होतं. शिंजिराच्या गळ्याची ती मोरपंखी पिसं बघितलीत ना? त्या पिसांचा तुरा सरदाराला नजराणा म्हणून द्यायचा होता. पाखरं फासात सापडेनात, कुणाच्या हाती लागेनात. ती विसावायची फक्त आवडाच्या परड्यात, आणि आवडा कुणाला आत येऊ द्यायची नाही. म्हणून पाटलानं तिचा भाऊ शोधून काढला आणि त्याला एक घोडं कबूल केलं.

पाखरं निघायच्या सकाळी आवडा कारळ्याची फुलं आणायला माळावर गेली. घटावर त्या दिवसाची माळ चढवायची होती. "दादा, दिव्याकडे बघ रे, वारा लागू देऊ नकोस," एवढं सांगून गेली. इकडे सटवाजीनं फणसाचा चीक काढून ठेवलाच होता. तो त्यानं कर्दळीच्या, जास्वंदीच्या काडीकाडीला फासला. फणस फोडताना हाताला तेल लावतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरातलं सगळं तेल दिव्यात, आणि त्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. देवीचं भय होतं, बहिणीचं नव्हतं.

आवडा परत आली ती पाखरांचा आकांत ऐकत. फांदीफांदीला शिंजीर चिकटलेले. पंख सोडवायला जावं तर पंखच तुटून हातात येतोय. चीक तेलाशिवाय सुटत नाही. ती धावत घरात गेली आणि दिव्यासमोर थबकली. नवरात्रातला दिवा विझवणं म्हणजे घरावर काय ओढवून घेणं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग म्हणाली म्हणे, "आई, तुझा दिवा पुन्हा लागेल. यांचा लागायचा नाही." वात शांत केली, समई उचलली, परड्यात आणली, आणि एकेका पाखराचा पंख तेलाच्या बोटानं सोडवत बसली. पदरानं पुसून एकेकाला वर सोडलं. काही जीव तिच्या तळहातावरच गेले.

तेवढ्यात सटवाजीनं बोलावून आणलेला पाटील माणसं घेऊन पिसं न्यायला आला. पिसं नाहीत, आणि देव्हाऱ्यात दिवा नाही! त्यानं तेवढंच धरलं. सगळा गाव देवळापुढं जमवला. आवडानं घडलं तसं सांगितलं. पाटलानं सटवाजीला विचारलं, तेव्हा तो पाठच्या बहिणीकडे न बघता म्हणाला, "चीक हिनंच लावला. पिसं विकणार होती. मी अडवलं तर हिनं दिवा विझवला."

बेलभंडार उचल म्हणाले. त्यानं उचलला. देवीसमोर शपथ घेतली आणि हात झटकला. बेलाचं पान खाली पडेना. भंडारा तळहाताला तसाच चिकटून राहिला. पिवळाधमक हात, आणि त्यात दोन हिरवी-जांभळी पिसं.

सगळ्यांनी पाहिलं. बायकांनी पाहिलं, पाटलानं पाहिलं, ज्याच्या हातात भंडाऱ्याचं ताट होतं त्या आमच्या गुरवानं तर वीतभर अंतरावरून पाहिलं. एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. पाटलाच्या वाकड्यात जायचं कुणी? बाई एकटी, तिच्या मागं कोण होतं! अरे, तिच्या विहिरीचं पाणी प्यालेली माणसं ही. तिच्या परड्यातली केळी खाल्लेली.

आवडानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग भावाला म्हणाली, "दादा, हाताला तेल लाव. नाहीतर घास तोंडात जायचा नाही. माझ्याकडचं संपलं." एवढंच बोलली, आणि पाखरं ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं चालायला लागली. घरात परत गेली नाही. थांब गं, असं म्हणायलासुद्धा कुणी पुढं झालं नाही.

सटवाजीला घोडं मिळालं का? मिळालं म्हणे. अशांना मिळतंच.

पुढच्या पावसात एकही शिंजीर आला नाही. कर्दळी फुलल्या आणि गळाल्या. शेवटी पाणवठ्यावर गुरवाच्या बायकोनं कळशी खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी पाहिलं होतं." दुसरी म्हणाली, मीही. मग घराघरातून तेच. पण ऐकायला जी हवी होती ती कुठं होती? त्या नवरात्रात गावानं आपापले दिवे शांत केले आणि ते तेल परड्यातल्या काड्यांना लावलं. त्यापुढच्या पावसाला पाखरं आली. आवडा काही आली नाही.

आजही आमच्याकडे असंच चालतं. तेल काड्यांना लावून झालंय, मघाशी बघितलंत ना तुम्ही. आता सगळा गाव परड्यात उभा राहील. ते बघा, उठले! आधी एक, मग सगळे. आता म्हातारीकोतारी, पोरंटोरं, सगळी त्या वाटेकडे तोंड करून ओरडतील, "आवडे, आम्ही पाहिलं होतं!" ऐकून दचकू नका.

आणि पाहुणे, तुम्ही नाही ओरडलात तरी चालेल. तुम्ही तिथं नव्हतात. आम्ही होतो.