मन्मथप्पाची पाटी

"ऊन काय एकट्या रेवणच्या बापाचं आहे का, स्वामी?"

स्वामींनी मान वर केली नाही. हातातला विभूतीचा ओला गोळा त्यांनी तळहातावर थापला, वडी फळीवर ठेवली आणि मग विचारलं, "रेवण तुझा धाकटा भाऊ ना?"

"होय की."

"मग बाप एकच असेल."

मन्मथप्पाने जीभ चावली. धड वाकून 'शरणार्थ' म्हणून व्हायच्या आधीच तोंडातून नको ते निघून गेलं होतं. पण कितीतरी दिवस मनात जे साचलं होतं, ते टेकाड चढताना आणखी वर आलं होतं. त्याला तो तरी काय करणार?

मठ गावाबाहेरच्या टेकाडावर होता. पौषातली सकाळ, ऊन कोवळं आणि तिरकं. सारवलेल्या अंगणाच्या मधोमध लाकडी फळी, फळीवर विभूतीच्या ओल्या वड्या आणि फळीशेजारी स्वामी. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करायची, भिजवायची, वड्या थापून उन्हात वाळवायच्या, हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. सावलीत राहिलेली वडी मधे ओलीच राहते आणि कपाळाला लावायला घेतली की हातात तिचा चुरा होतो, असं त्यांचं म्हणणं.

"बोल," स्वामी म्हणाले. "पण बसून बोल."

मन्मथप्पा बसला नाही. बसून बोलण्यासारखा तो विषयच नव्हता.

गावात मन्मथप्पाचं कापडाचं दुकान होतं. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. पहिली निवड थोरल्याची, म्हणून त्याने रस्त्याकडची बाजू घेतली. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. धाकट्या रेवणच्या वाट्याला मागची, गल्लीकडची बाजू आली. तिथे ना गिऱ्हाईक, ना वारा. त्या दिवशी मन्मथप्पाला भावाची थोडी कीव आली होती. आणि खरं सांगायचं तर, ती कीव त्याला फार आवडली होती.

आता त्याच मागच्या छतावर सोलर बसलं होतं.

"अनुदान मंजूर झालंय त्याला, स्वामी. सरकारी. घराच्या छतासाठी. बिल अजून यायचंय, पण त्याची बायको गल्लीभर सांगत सुटलीय, आमचं बिल शून्य येणार म्हणून. शून्य काय मिरवायची गोष्ट आहे का?"

"तूही बसव."

"गेलो होतो ना वीज कंपनीत! ते म्हणाले, तुमचा मीटर दुकानाचा आहे. वरचं घरही त्याच मीटरवर चालतं. घरगुती मीटर असेल तरच घराचं अनुदान. आणि घरगुती मीटर कुठं गेला? वाटणीत, रेवणकडं!"

"धंद्याला काहीच नाही?"

"आहे की. करात सूट आहे म्हणे. म्हणून हिशेबनिसाकडं गेलो. तो हसायलाच लागला. म्हणाला, शेठ, तुम्ही इतकी वर्षं कागदावर नफाच दाखवला नाही, आता सूट कशातून देऊ?"

स्वामींच्या दाढीत हसू हललं. मन्मथप्पाला ते दिसलं आणि झोंबलं. तो एक पाऊल पुढे आला.

त्याची सावली फळीवर पडली.

स्वामींनी फळी दोन्ही हातांनी धरली आणि अलगद मागे ओढली. वड्यांवर पुन्हा ऊन आलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय… मी माझ्या दुकानाची पाटी उंच केली."

"हं."

"पाटी माझी. छताची पुढची बाजू माझी. तिथं लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर नाव चढवलं. 'मन्मथ वस्त्रभांडार.' पार बसस्टँडवरून वाचता येतं."

"आणि सावली?"

मन्मथप्पाने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सावली मागं जाते," तो म्हणाला. "पाटी दक्षिणेला, त्याचं छत उत्तरेला. आता हिवाळ्यात सूर्य कुठनं जातो, ते काय माझ्या हातात आहे का?"

सूर्य त्याच्या हातात नव्हता, पण बांबू होता. सांगाडा उभा करण्याआधी मन्मथप्पा स्वतः छतावर बांबू धरून उभा राहिला होता आणि त्याची सावली पॅनेलांच्या पहिल्या रांगेला टेकेपर्यंत तो बांबू वर वर उचलत होता. रेवणच्या फिटरकडून त्याला एक गोष्ट कळली होती. रांगेतल्या एका पॅनेलवर सावली पडली की अख्खी रांग मंदावते. ते ऐकल्यावर त्या दुपारी त्याला बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

हे त्याने स्वामींना सांगितलं नाही.

"रेवण काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"एक शब्द नाही! फिटरला बोलावलं आणि पॅनेलं मागं सरकवली. मग मी पाटीवर दिवे बसवले. त्यासाठी सांगाडा आणखी वर न्यावा लागला…" मन्मथप्पाच्या आवाजात आता गोडी उतरली होती. "त्यानं पुन्हा मागं सरकवली. आता पुढं काय करणार? मागं कठडा आहे."

सांगता सांगता तो आणखी पुढे आला होता.

स्वामींनी फळी मागे ओढली. स्वतःही मागे सरकले.

"मग जिंकलास की," ते म्हणाले. "इथं कशाला आलास?"

खाली गावात कुठेतरी पिठाची गिरणी सुरू झाली, तिचा आवाज वरपर्यंत येत होता.

"उद्या तपासणीला साहेब येणार आहेत," अखेर तो म्हणाला. "पॅनेलं सावलीत दिसली तर शेरा मारतील, अनुदान अडकेल, असं फिटर म्हणतो. आमच्या हिनं ते ऐकलं. तेव्हापासून माझ्या मागं लागलीय, आजच्या आज पाटी उतरवा म्हणून. म्हणते, पाप लागेल. तुम्ही तिला समजावा, स्वामी. आपल्या छतावर आपलं नाव लावलं, यात पाप कसलं?"

स्वामींनी नवा गोळा हातात घेतला.

"मी तिला काय सांगू?"

"हेच की मन्मथ चुकला नाही."

"तसं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं ते विचारू नका!" मन्मथप्पा एकदम भडकला. "जळतो मी, स्वामी. खोटं कशाला बोलू? सकाळी उठलो की देवाकडं बघायच्या आधी त्याच्या छताकडं बघतो. ती निळी पॅनेलं चमकायला लागली की माझा चहा कडू होतो. निवड माझी होती. पुढची बाजू मी घेतली, चांगली म्हणून घेतली. आणि आता सगळं गाव मागच्या बाजूला जाऊन छत बघायलंय!"

बोलता बोलता त्याचे हात हवेत उडत होते. अंगरख्याच्या बाह्यांची सावली वड्यांवर नाचत होती.

स्वामींनी फळी मागे ओढली.

"आणि तो भांडतही नाही," मन्मथप्पा म्हणाला. "भांडला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, मी आठ दिल्या असत्या, मोकळं झालो असतो. ते नाही. काल जिन्यात समोरासमोर आलो. मी म्हटलं, आता बोलेल. तर म्हणतो, 'अण्णा, पाटी लांबून फार झकास दिसते.'"

स्वामींचा थापणारा हात थांबला.

"तुला काय वाटलं?"

"टोमणा मारतोय, असं वाटलं."

"मारत होता?"

मन्मथप्पाने उत्तर द्यायला तोंड उघडलं…

आणि मिटलं.

जिन्यातला रेवणचा चेहरा त्याच्यापुढे उभा राहिला होता. त्या चेहऱ्यावर त्याने तेव्हा टोमणा शोधला होता. आताही शोधला.

"नाही," तो हळू म्हणाला. "त्याला टोमणा मारता येत नाही. लहानपणापासून तसाच आहे. जेवताना मी त्याच्या ताटातलं उचलायचो. ओरडायचा नाही, आईला सांगायचा नाही. फक्त ताट जरासं मागं घ्यायचा."

"आणि तू?"

"मी हात लांब करायचो."

हे बोलून गेल्यावर मन्मथप्पाला स्वतःचाच राग आला. मठात येऊन भलतंच निघालं होतं. त्याला निकाल हवा होता, आठवणी नको होत्या. तो तरातरा स्वामींच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"ते जाऊ द्या. तुम्ही एका शब्दात सांगा, पाटी उतरवायची की नाही?"

स्वामींनी फळी मागे ओढायला घेतली. फळीचं टोक मठाच्या भिंतीला लागलं आणि खट्‌ असा आवाज झाला.

त्यांनी आणखी एकदा ओढून पाहिली. फळी हलली नाही. मग ते फळीच्या कडेवर हात ठेवून तसेच भिंतीला टेकून बसले.

त्या आवाजाने मन्मथप्पाची नजर पहिल्यांदा खाली गेली.

फळीवर सावली होती. एकूण एक वडी सावलीत होती. डोक्यावरच्या टोपीसकट, रुंद खांद्यांसकट, तो स्वतःच फळीभर पसरला होता. आणि सारवलेल्या अंगणात फळी ओढल्याच्या खुणा उमटल्या होत्या. त्या मधोमध सुरू होत होत्या आणि थेट भिंतीपर्यंत आल्या होत्या.

फळीशेजारचे स्वामीही आता त्याच सावलीत बसले होते. पौषाची थंडी होती आणि त्यांच्या अंगावर एक पातळ छाटी होती.

"स्वामी…" मन्मथप्पा म्हणाला. "मघापासून तुम्ही मागं मागं सरकताय?"

स्वामी गप्प.

"माझ्यामुळं?"

स्वामींनी छाटी अंगाभोवती आणखी ओढून घेतली.



"अहो, मग मला म्हणायचं की! नुसतं म्हणायचं, मन्मथ, जरा सरक. एवढा एक शब्द बोलला असता, तर मी काय सरकलो नसतो?"

स्वामींनी राखेने माखलेले हात जोडले. सत्तरी उलटलेला तो माणूस भिंतीशी अंग चोरून बसला होता आणि खालून मन्मथप्पाकडे बघत होता.

"थोरल्याला सरक कसं म्हणायचं, अण्णा?"